प्रात्यक्षिक पेपरचं गुणदान (जीवशास्त्र, उच्च स्तर): कामाच्या नोंदी

३ मे
पेपर दोन तासांचा, ४० गुणांचा. पहिला प्रश्न २२ गुणांचा: अमायलेजची (स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमची) संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, बदलत गेली की स्टार्च संपायला किती वेळ लागतो. दुसरा १८ गुणांचा: द्विदल वनस्पतीच्या मुळाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आकृत्या, मोजमाप आणि छायाचित्राशी तुलना.

गुणदान योजनेचा मसुदा तयार आहे, पण तो टेबलावर बसून लिहिलेला. म्हणून आज आम्ही परीक्षकांच्या गटाने प्रयोग स्वतः केला. विद्यार्थ्याला मिळणाऱ्याच सूचना, त्याच सिरिंज, तेवढाच वेळ. १ टक्का स्टार्च, १ टक्का अमायलेजपासून सुरुवात, खळग्यांच्या पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब (स्टार्च असेल तर रंग निळा-काळा होतो), दर ३० सेकंदांनी एक नमुना, ३०० सेकंदांपर्यंत. खोलीचं तापमान २६ अंश सेल्सिअस.

आलेले वेळ: १.० टक्क्याला ६० सेकंद, ०.५ ला ९०, ०.२५ ला १५०, ०.१२५ ला २७०. ०.०६२५ टक्क्याच्या नळीत ३०० सेकंदांनंतरही निळा-काळा रंग येतच होता.

मसुद्यात पाचही संहतींसमोर आकडा अपेक्षित होता. पाचवा येणार नाही. तिथे ‘३०० पेक्षा जास्त’ हेच बरोबर उत्तर, आणि नुसतं ‘३००’ लिहिलेलं चूक, कारण ३०० व्या सेकंदाला क्रिया संपली असा त्याचा अर्थ होतो. योजना बदलली.

दुसरी अडचण अंत्यबिंदूची, म्हणजे स्टार्च संपला हे कोणत्या रंगावरून ठरवायचं याची. स्टार्च तुटताना मधल्या टप्प्यात डेक्स्ट्रिन (स्टार्चचे लहान तुकडे) तयार होतात आणि ते आयोडीनबरोबर जांभळट, मग लालसर तपकिरी रंग देतात. निळा-काळा रंग जाऊन थेट पिवळा येत नाही. एकाने लालसर तपकिरी दिसताच घड्याळ थांबवलं, दुसऱ्याने आयोडीनचा मूळ पिवळट तपकिरी रंग येईपर्यंत वाट पाहिली. फरक ३० ते ६० सेकंदांचा. दोन्ही मान्य. पाहायचं एवढंच की एकच खूण सगळ्या संहतींना लावली आहे.

४ मे
विरलन (पाणी घालून संहती कमी करणं), ३ गुण. प्रश्नात प्रत्येक पायरीला संहती निम्मी करायला सांगितलं आहे आणि चंचुपात्रांची आकृती अर्धवट दिलेली आहे. विद्यार्थ्याने तीन गोष्टी दाखवायच्या: किती द्रावण आधीच्या पात्रातून पुढच्या पात्रात नेलं, किती शुद्ध पाणी घातलं, आणि प्रत्येक पात्राखाली संहती.

प्रत्येकी १० घन सेंमी द्रावण आणि १० घन सेंमी पाणी हे अपेक्षित उत्तर. पण ५ आणि ५, २० आणि २० सुद्धा चालेल, प्रमाण बरोबर असेल आणि पुढच्या पायरीला द्रावण पुरेल तर. शेवटच्या पात्रात २० घन सेंमी उरतं आणि बाकीच्यांत १०. काही जण त्यातलं १० टाकून देतात. त्याला वेगळा गुण नाही, वजाही नाही.

नमुना उत्तरपत्रिकांत दिसलेल्या चुका तीन प्रकारच्या आहेत आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. पहिली: प्रत्येक वेळी मूळ १ टक्क्याच्या द्रावणातूनच १० घन सेंमी घेतलं. मग प्रत्येक पात्रात ०.५ टक्केच येणार. खाली ०.२५ आणि ०.१२५ लिहिलं असलं तरी आकारमानांचा गुण जातो. संहतीचा गुण मात्र मिळतो, कारण निम्मं करत जाण्याचं गणित त्याला येतं. दुसरी: १.०, ०.८, ०.६, ०.४, ०.२ अशी समान अंतराची संहती. ही स्वतंत्रपणे चांगली पद्धत आहे, पण इथे विचारलेली नाही, त्यामुळे संहतीचा गुण नाही. तिसरी: १ घन सेंमी द्रावण, ९ घन सेंमी पाणी आणि खाली ०.५ टक्के. ही दहापट विरलनाची पाठ केलेली रीत. दोन्ही गुण जातात.

एकक प्रत्येक पात्राखाली लिहिलंच पाहिजे का? आमचं मत: पहिल्या पात्राखाली छापील ‘१.० टक्का’ आहे. पुढे एकक गळलं तरी अर्थ एकच निघतो. सवलत द्यायची.

५ मे
तक्ता, ५ गुण. सगळ्यात जास्त उत्तरपत्रिका इथे अडखळतात, आणि परीक्षकही.

पहिला गुण मथळ्यांचा: ‘अमायलेजची संहती / टक्के’ आणि ‘वेळ / सेकंद’. तिरपी रेघ किंवा कंस, दोन्ही चालेल. नुसतं ‘अमायलेज’ नाही. अमायलेजचं काय मोजलं ते कळत नाही. दुसरा गुण तक्त्याच्या आत एकक नसण्याचा. ‘६० से.’, ‘९० से.’ असं प्रत्येक घरात लिहिलं की तो जातो, मथळा कितीही नीट असला तरी. तिसरा गुण किमान चार संहतींच्या नोंदींचा, चौथा कलाचा (संहती कमी होईल तसा वेळ वाढतो का), पाचवा अचूकतेचा.

अचूकतेचा गुण म्हणजे पूर्ण सेकंद. नमुना दर ३० सेकंदांनी घेतला आहे, म्हणून ‘६०.४५’ ही नोंद खोटी बारकाई दाखवते. स्टॉपवॉचवर दोन दशांश दिसतात म्हणून ती उतरवली जाते. मापनाची पद्धत जेवढं सांगू शकते तेवढंच लिहायचं, हे कौशल्य इथे तपासलं जातंय.

‘१.३०’ या नोंदीवर बराच वेळ गेला. विद्यार्थ्याच्या मनात १ मिनिट ३० सेकंद असतात. मथळ्यात ‘मिनिटं’ लिहिलेलं असतं. पुढे वेग (१००० भागिले सेकंद) काढताना तो १.३ ने भागतो आणि सगळे वेग चुकतात. तक्त्यातला अचूकतेचा गुण द्यायचा नाही. वेगाच्या गणितात मात्र त्याचाच आकडा घेऊन तपासायचं. भागाकार आणि सार्थ अंक (उत्तरात किती अंक ठेवायचे ते) बरोबर असतील तर गुण द्यायचे. एका चुकीची किंमत एकदाच वसूल होते.

काहींनी वेळेऐवजी दर ३० सेकंदांचा रंगच नोंदवला आहे, बरोबर-चुकीच्या खुणांनी. खुणांचा अर्थ तक्त्याबाहेर कुठेतरी लिहिला असेल तर ही कच्ची नोंद मान्य. उलट त्या विद्यार्थ्याने अंत्यबिंदू कसा ठरवला ते आपल्याला डोळ्यांनी दिसतं.

७ मे
केंद्रांचे पर्यवेक्षक अहवाल आले. अहवालात तिथल्या शिक्षकांनी परीक्षेच्या दिवशी त्याच द्रावणांनी केलेल्या प्रयोगाचे आकडे आणि खोलीचं तापमान असतं. कलाचा गुण देण्याआधी हा अहवाल उघडायचाच, ही सक्ती आहे.

एका केंद्रात खोली ३४ अंशांवर होती. तिथे १.० आणि ०.५ टक्के या दोन्हींचा वेळ ३० सेकंद आला, म्हणजे पहिल्याच नमुन्यात स्टार्च सापडला नाही. मसुद्याप्रमाणे ‘प्रत्येक वेळी संहती कमी, वेळ जास्त’ हवं होतं. ते या मुलांना कधीच जमणार नव्हतं. नवा नियम: सर्वांत जास्त संहतीला सर्वांत कमी वेळ, सर्वांत कमी संहतीला सर्वांत जास्त, शेजारचे वेळ समान असू शकतात, उलटे नाहीत.

दुसऱ्या केंद्रात पाचही नळ्या ३०० सेकंदांत निळ्या-काळ्याच राहिल्या, शिक्षकांच्याही. अमायलेज निकामी होतं एवढं उघड आहे. कारणं दोन असू शकतात: द्रावण आदल्या दिवशी करून गरम खोलीत ठेवलं, किंवा स्टार्चसाठी उकळलेलं पाणी पुरेसं निवायच्या आत अमायलेजही त्यातच विरघळवलं. दुसरं जास्त संभवतं, कारण दोन्ही द्रावणं बहुतेक वेळा एकाच केटलीजवळ तयार होतात. अशा केंद्रातल्या मुलांनी जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं, तर तक्त्याचे गुण पूर्ण मिळायला हवेत. ज्यांनी सुंदर उतरते आकडे लिहिले आहेत त्यांच्या उत्तरपत्रिका वेगळ्या काढून मुख्य परीक्षकांकडे. हा निर्णय एकट्या परीक्षकाने घ्यायचा नाही.

९ मे
मानकीकरणाची बैठक. दहा उत्तरपत्रिका सगळ्यांनी स्वतंत्र तपासल्या आणि मग एकेक गुण ताडून पाहिला. आलेखावर सर्वाधिक मतभेद.

आलेख: क्ष-अक्षावर संहती, य-अक्षावर वेग (१००० भागिले सेकंद). ४ गुण: अक्षांची नावं आणि एककं, प्रमाण, बिंदू, रेषा. प्रमाणासाठी दोन्ही दिशांना जाळीचा निम्म्याहून जास्त भाग वापरलेला हवा, आणि २ सेंमीला ०.२ असं वाचायला सोपं प्रमाण. २ सेंमीला ०.३ घेतलं की मधली किंमत वाचताना परीक्षकालाच कागद-पेन्सिल लागते, गुण नाही. बिंदू लहान फुलीने किंवा वर्तुळातल्या ठिपक्याने, अर्ध्या लहान चौकोनाच्या आत. वर सांगितलेल्या प्रमाणात ०.१२५ टक्के म्हणजे शून्यापासून १२.५ मिमी, २ मिमीचे सव्वासहा चौकोन. तपासताना प्रत्येक वेळी हिशोब करत बसू नये म्हणून पारदर्शक पट्टीवर हे बिंदू आखून घेतले. प्रमाण वेगळं असेल तिथे मात्र मोजावंच लागतं. १ मिमीपेक्षा मोठा नुसता ठिपका नामंजूर, कारण त्याचा मध्य सांगता येत नाही.

वाद झाला तो क्ष-अक्षावर १.०, ०.५, ०.२५, ०.१२५ सारख्या अंतरावर मांडणाऱ्यांवरून. दहापैकी तीन उत्तरपत्रिकांत हे होतं. निम्म्या परीक्षकांनी प्रमाण आणि बिंदू दोन्ही गुण कापले, निम्म्यांनी फक्त प्रमाण. ठरलं: प्रमाणाचा गुण जातो, कारण सारख्या अंतराला सारखा फरक नाही. बिंदू त्याने आखलेल्या खुणेवर अचूक बसला असेल तर बिंदूचा गुण राहतो. बिंदू मांडण्याचं कौशल्य त्याच्याकडे आहे. पुढच्या उपप्रश्नात आलेखावरून मधल्या संहतीचा वेग वाचायचा आहे. तिथे मात्र गुण नाही, कारण अशा अक्षावर मधली किंमत वाचणं शक्यच नसतं.

रेषा: बिंदू ते बिंदू पट्टीने किंवा एकच बारीक गुळगुळीत वक्र. पहिल्या बिंदूच्या मागे आणि शेवटच्या पुढे वाढवलेली नको. ‘एन्झाइम नसेल तर वेग शून्यच असणार, मग ० पर्यंत का नेऊ नये?’ हा प्रश्न एका परीक्षकाने विचारला आणि तो रास्त आहे. पण ० टक्क्यावर कुणी मोजलेलं नाही, आणि रेषा मोजलेल्या आकड्यांची आहे. नामंजूर. ‘३०० पेक्षा जास्त’ असलेली पाचवी संहती आलेखावर नसावी. कुणी ती ३.३ वर मांडली असेल तर बिंदूचा गुण जातो.

१० मे
वेगाचे सार्थ अंक. १००० भागिले ६० म्हणजे १६.६६६६. वेळ दोन सार्थ अंकांचा, म्हणून १७ किंवा एक अंक जास्त, १६.७. यापुढे नको. १५० साठी ६.७ किंवा ६.६७. ‘१६.६’ हे गोलाकार न करता तोडलेलं आहे, गुण नाही. कृती दाखवायला सांगितलं असेल तर नुसत्या उत्तराला एकच गुण.

१२ मे
त्रुटी आणि सुधारणा, ५ गुण. या पेपरमधला आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि पाठांतराने सगळ्यात जास्त खराब होणारा.

मोठ्या त्रुटीचं मूळ नमुना घेण्याच्या अंतरात आहे. ६० व्या सेकंदाला रंग गेला, याचा अर्थ स्टार्च ३० ते ६० सेकंदांच्या मध्ये केव्हातरी संपला. ६० मधली ३० म्हणजे ५० टक्के अनिश्चितता. २७० ला तीच ३० सेकंदं ११ टक्क्यांवर येतात. वेगात पाहिलं तर १.० टक्क्याचा खरा वेग १६.७ ते ३३.३ मध्ये कुठेही असू शकतो, ०.१२५ टक्क्याचा ३.७ ते ४.२ मध्ये. म्हणजे आलेखाचं वरचं टोक, ज्यावरून ‘वेग वाढायचा थांबतो का’ हे ठरवायचं आहे, तेच सर्वांत डळमळीत. जो विद्यार्थी हे ओळखून लिहितो, ‘जास्त संहतींना दर १० सेकंदांनी नमुना घ्यावा’, त्याला त्रुटी आणि सुधारणा दोन्हींचे गुण. ‘सगळ्या संहती कमी घ्याव्यात म्हणजे वेळ लांबेल’ हेही तितकंच चांगलं, आणि मसुद्यात नव्हतं. घातलं.

‘नमुने वारंवार घ्यावेत’ एवढंच असेल तर? अंतर किती ते नाही. संशयाचा फायदा द्यावा असं एक मत होतं. ठरलं: ३० सेकंदांपेक्षा कमी असं काहीही सूचित होत असेल तर गुण द्यायचा. ‘प्रयोग वारंवार करावा’ याच्याशी गल्लत करायची नाही, ते वेगळं उत्तर आहे.

इतर मान्य त्रुटी: रंग डोळ्यांनी ठरवणं (सुधारणा: कलरीमीटर, म्हणजे रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र, किंवा तुलनेसाठी नुसत्या आयोडीनचा थेंब शेजारच्या खळग्यात), ड्रॉपर न धुतल्यामुळे आधीचं स्टार्च पुढच्या थेंबात येणं, तापमान नियंत्रित नसणं (सुधारणा: तापमान स्थिर ठेवणारं वॉटर बाथ, नळ्या मिसळण्याआधी त्यात ५ मिनिटं ठेवून). १ घन सेंमी अमायलेज १० घन सेंमीच्या सिरिंजने मोजणं हीसुद्धा खरी त्रुटी आहे. त्या सिरिंजवर खुणा ०.२ च्या, म्हणून अनिश्चितता ०.१, म्हणजे १० टक्के. १ घन सेंमीची सिरिंज वापरली तर ती १ टक्क्याच्या आसपास येते.

नामंजूर: ‘मानवी चूक’, ‘काळजीपूर्वक करावं’, ‘चांगली उपकरणं वापरावीत’. ही वाक्यं कोणत्याही प्रयोगाखाली बसतात, म्हणून या प्रयोगाबद्दल काहीच सांगत नाहीत. ‘प्रत्येक संहतीला तीनदा मोजून सरासरी काढावी’ याला एक गुण, पण ते केल्याने अंतराची त्रुटी जात नाही, हे परीक्षकांनी लक्षात ठेवावं. तिन्ही वेळा ६० च येईल.

नियंत्रण नळी: उकळून थंड केलेलं अमायलेज, तेवढंच आकारमान. अमायलेजऐवजी तेवढंच पाणी घेतलं तरी मान्य. ‘तेवढंच’ किंवा आकडा नसेल तर नाही.

१५ मे
दुसरा प्रश्न सुरू. स्लाइड केंद्रागणिक वेगळी निघते, एकाच वनस्पतीची असली तरी. म्हणून प्रत्येक केंद्राकडून परीक्षेत वापरलेली एक स्लाइड आली आहे, आणि त्या केंद्राच्या आकृत्या तीच स्लाइड भिंगाखाली ठेवून तपासायच्या.

कमी विशालनाची आराखडा आकृती (फक्त उतींच्या सीमा दाखवणारी), ५ गुण. आराखड्यात पेशी एकही नको. अपित्वचेत दोन-तीन चौकोन काढून ‘नमुन्यादाखल’ दाखवणारे बरेच आहेत. एक पेशी दिसली तरी तो गुण जातो. उतींच्या सीमारेषा अखंड हव्यात, टोकदार पेन्सिलने एकदाच ओढलेल्या. १ मिमीपेक्षा मोठी फट किंवा एकावर एक चढलेली टोकं चालणार नाहीत. छायांकन नाही, ठिपके नाहीत. आकार दिलेल्या जागेच्या निम्म्याहून मोठा, पण मजकुरावर चढलेला नको. अपित्वचेला जाडी आहे, ती दोन रेषांनी दाखवायची.

प्रमाणाचा गुण मोजून द्यायचा, नजरेने नाही. स्लाइडवर मधल्या संवहनी भागाचा व्यास भागिले मुळाचा व्यास, आणि आकृतीत तेच. स्लाइडवर हे गुणोत्तर पाव असेल आणि आकृतीत निम्मं, तर गुण नाही. हीच चूक सर्वांत जास्त दिसते, कारण तारेच्या आकाराची जलवाहिनी नीट काढता यावी म्हणून मुलं मधला भाग मोठा करतात. जलवाहिनीच्या बाहूंची संख्याही स्लाइडप्रमाणेच. पुस्तकातल्या चार बाहूंची आकृती आणि स्लाइडवर पाच बाहू, असं झालं तर विद्यार्थ्याने भिंगात पाहिलंच नाही.

नामनिर्देश: रेषा पट्टीने, बाण नको, टोक त्या उतीच्या आत संपलेलं. रसवाहिनीचं टोक दोन बाहूंच्या मधल्या जागेत पडलं पाहिजे. ते जलवाहिनीच्या कडेला टेकलं असेल तर नाही.

१६ मे
जास्त विशालनाची आकृती: मध्यत्वचेतल्या लगतच्या चार पेशी, ५ गुण. चारच. पाच काढल्या तर गुण जातो. सूचना पाळणं हाही तपासायचा मुद्दा आहे. प्रत्येक पेशी गटातल्या किमान एकीला चिकटलेली हवी. पेशीभित्तिका दोन रेषांनी, आणि दोन पेशी जिथे भिडतात तिथे तीन रेषा, मधली दोघींच्या सामाईक थराची. पेशींमधल्या त्रिकोणी मोकळ्या जागा दाखवलेल्या हव्यात. मध्यत्वचेच्या गोलसर पेशी षटकोनी काढून फटींशिवाय बसवल्या तर आकाराचा गुण नाही.

हरितलवक काढलेल्या उत्तरपत्रिका दहात एक तरी सापडते. मुळाच्या पेशीत ते नसतात. स्टार्चचे कण मात्र काही स्लाइडवर स्पष्ट दिसतात आणि ते काढले असतील तर बरोबर. केंद्रक चारही पेशींत काढण्याचा मोह असतो. छेदात प्रत्येक पेशीचं केंद्रक येतंच असं नाही. स्लाइडवर नसलेलं केंद्रक आकृतीत असलं तर आमच्यात एकमत झालं नाही. तोडगा: एका पेशीत चालेल, चारही पेशींत अगदी मधोमध असेल तर निरीक्षणाचा गुण नाही.

१७ मे
मोजमाप. नेत्रिकेतल्या (डोळ्याजवळच्या भिंगातल्या) पट्टीचे ४० भाग स्टेज मायक्रोमीटरच्या (माप माहीत असलेल्या काचपट्टीच्या) १० भागांशी जुळतात असं चित्र दिलं आहे. स्टेजचा एक भाग ०.०१ मिमी, म्हणजे १० मायक्रोमीटर. १० भाग १०० मायक्रोमीटर, भागिले ४०, नेत्रिकेचा एक भाग २.५ मायक्रोमीटर. जलवाहिनीची रुंदी १८ भाग, म्हणजे ४५ मायक्रोमीटर.

उलटा भागाकार (४० भागिले १००, म्हणजे ०.४) केला तर पहिला गुण जातो, ०.४ ला १८ ने गुणून ७.२ आलं तर दुसरा मिळतो. जिथे विद्यार्थ्याने वस्तुभिंग (स्लाइडजवळचं भिंग) बदलून मोजलं आणि आधीचाच २.५ वापरला, तिथे दुसरा गुण नाही. वस्तुभिंग बदललं की नेत्रिकेच्या भागाची किंमत बदलते, आणि हाच या उपप्रश्नाचा गाभा आहे.

छायाचित्राचं विशालन: मापनरेषा कागदावर २० मिमी, खरी लांबी ५० मायक्रोमीटर. २०००० भागिले ५०, म्हणजे ४०० पट. मोजणीत १९ ते २१ मिमी मान्य, म्हणजे ३८० ते ४२०. छापताना कागद लहान झाला तर? एका केंद्राच्या प्रतींत रेषा १८ मिमी भरली. तिथली मान्य कक्षा १७ ते १९, उत्तर ३४० ते ३८०. मिमीचे मायक्रोमीटर करताना १००० ऐवजी १०० ने गुणणाऱ्यांना एक गुण, मोजमापाचा. विशालनाला एकक लावलं (‘४०० मायक्रोमीटर’) तर शेवटचा गुण नाही.

१८ मे
तुलनेचा तक्ता. एकदल मुळाचं छायाचित्र, द्विदल मुळाची स्लाइड. एकाच ओळीत एकाच लक्षणाच्या दोन बाजू हव्यात. ‘भेंड (मुळाच्या मधला मऊ भाग) मोठा’ समोर ‘जलवाहिनी ताऱ्यासारखी’ ही तुलना नाही. मान्य: मध्यभागी भेंड आहे / मध्यभागी जलवाहिनी आहे, जलवाहिनीचे गट बरेच, वर्तुळात / बाहू थोडे, मध्याशी जोडलेले. कार्यांबद्दल लिहिलेलं (‘पाणी जास्त वाहून नेतं’) गुणाला पात्र नाही, दिसणारंच विचारलं आहे.

२१ मे
तपासणीत मिसळलेल्या बीजपत्रिकांचे निकाल. आधीच गुण ठरलेल्या या पत्रिका परीक्षकाला न सांगता त्याच्या गठ्ठ्यात येतात. ४० पैकी २ गुणांच्या आत फरक चालतो. दोन परीक्षकांकडे तरीही लक्ष द्यावं लागलं. एकाचा फरक प्रत्येक वेळी आराखडा आकृतीत, नेहमी एक-दोन गुण जास्त: तो सुबक आकृतीला प्रमाणाचा गुण मोजल्याशिवाय देत होता. त्याच्या सगळ्या आकृत्या परत तपासल्या. दुसऱ्याची एकूण बेरीज जवळपास जुळत होती, पण आतले गुण वेगळ्या जागी पडत होते. तक्त्यात कडक, सुधारणांत सैल. बेरीज जुळते म्हणून हे सोडायचं नाही, कारण ज्या मुलाचा तक्ता चांगला आणि सुधारणा कच्च्या आहेत त्याला इथे खरोखर फटका बसतो. त्याचे दोन्ही उपप्रश्न दुसऱ्याकडे.

२४ मे
पुढच्या सत्राच्या राखीव प्रश्नाची चाचणी: बटाट्याच्या नळकांड्या, ०.० ते १.० मोल प्रति घन डेसिमीटर सुक्रोज, वस्तुमानातला शेकडा बदल. २.४५ ग्रॅमची कांडी २.२१ ग्रॅम झाली, तर बदल उणे ९.८ टक्के. ‘९.८ टक्के घट’ लिहिलं तरी मान्य, चिन्हही नाही आणि ‘घट’ही नाही, तर नाही. मथळ्यात ‘वस्तुमानातला बदल / टक्के’ हवं. ‘टक्के वस्तुमान’ चूक.

टिपकागदाने पुसण्यावर चाचणीत सर्वांत मोठा फरक पडला. एकाच द्रावणातल्या तीन कांड्या, एक पुसली नाही, एक हलकेच टेकवली, एक दाबून पुसली, तर आकडे एकमेकांपासून स्पष्ट दूर. सूचनेत ‘पुसा’ एवढंच आहे. ‘टिपकागदावर एकदा लोळवा, दाबू नका’ असं बदललं, आणि आधीचं वस्तुमान घेतानाही तसंच करायचं हे वेगळ्या ओळीत घातलं. कांड्या एकाच बटाट्यातून, साल काढून. कोरड्या पडू नयेत म्हणून कापल्यावर लगेच तोलायच्या.

शून्य बदलाची संहती रेषा क्ष-अक्षाला छेदते तिथून वाचायची. य-अक्षाला उणे बाजू लागते, आणि दिलेल्या जाळीत क्ष-अक्ष छापूनच तळाशी होता. जाळी परत आखायला दिली आहे. पुढची चाचणी नवी जाळी आल्यावर, ०.१ च्या अंतराने ०.२ ते ०.५ मध्ये जास्त संहती घेऊन.